वाचकांचे प्रश्न : सेइता, सेत्सुको आणि १९४५ चा उन्हाळा

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ या जपानी ॲनिमेशनपटाविषयी आलेल्या पत्रांची संख्या पाहता, या अंकातील सदर संपूर्णपणे त्याच विषयाला देत आहे. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी : दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत, ५ जून १९४५ रोजी अमेरिकी विमानांनी कोबे शहरावर टाकलेल्या आगलाव्या बॉम्बमध्ये चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको यांचे घर जळते आणि आई दगावते. वडील नौदलात अधिकारी असून समुद्रावर आहेत. मुले कोबेजवळच्या निशिनोमिया येथील एका नातेवाईक बाईंकडे, म्हणजे काकूंकडे, राहतात, तिथे खटके उडू लागल्यावर तळ्याकाठच्या, हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी खणलेल्या एका ओसाड खंदकात संसार थाटतात. तिथे उपासमारीने आधी बहीण मरण पावते आणि काही आठवड्यांनी कोबेतील सान्नोमिया रेल्वे स्थानकात भाऊही. इसाओ ताकाहाता यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला, स्टुडिओ जिबलीचा हा ८९ मिनिटांचा चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२४ पासून तो जपानबाहेर नेटफ्लिक्सवर उपलब्ध झाला आणि त्यानंतर आपल्याकडेही तो पुष्कळ घरांत पाहिला गेला असावा, असे या पत्रांवरून वाटते.

मी युद्धावरचे बरेच चित्रपट पाहिले आहेत. त्यांत याहून मोठ्या लढाया होत्या, अधिक रक्तपात होता. तरीही रेखाटलेल्या दोन मुलांच्या या कथेने मला जितके हलवले तितके दुसऱ्या कशानेही हलवले नाही. असे का व्हावे?
– एक वाचक, ठाणे

याचे पहिले कारण चित्रपटाच्या पहिल्याच मिनिटात आहे, असे मला वाटते. पडद्यावर सेइताचा चेहरा दिसतो आणि २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री आपण मरण पावलो, असे तो स्वतःच सांगतो. लगेच सान्नोमिया स्थानकातील खांबाला टेकून बसलेला, हाडांचा सापळा उरलेला तोच मुलगा आपल्याला दिसतो. येणारी-जाणारी माणसे त्याला टाळून पुढे जातात. सफाई कामगाराला त्याच्यापाशी खाऊच्या गोळ्यांचा एक गंजका डबा सापडतो. तो डबा बाहेरच्या गवतात फेकला जातो आणि त्यातून सेत्सुकोची राख व अस्थींचे तुकडे बाहेर सांडतात. मुले वाचणार की नाही, हा प्रश्न दिग्दर्शकाने अशा रीतीने कथेच्या आरंभीच मिटवून टाकला आहे. उत्कंठा संपल्यामुळे प्रेक्षकाला पुढचा सव्वा-दीड तास केवळ पाहत राहावे लागते आणि मग आंघोळीच्या वेळची मस्ती, समुद्रावर घालवलेली एक दुपार, आईचे किमोनो विकून आणलेल्या तांदळाच्या भाताचा पहिला घास अशा साध्या आनंदाच्या गोष्टीही शेवट ठाऊक असल्यामुळे असह्य होऊ लागतात.

दुसरे कारण निरीक्षणाचे आहे आणि माझ्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. हवाई हल्ल्यानंतर सेइताने शाळेत उभारलेल्या मदत केंद्रात आईचे नखशिखांत भाजलेले, पट्ट्यांनी गुंडाळलेले शरीर पाहिले आहे. बहिणीला काय सांगावे हे त्याला कळत नाही. शाळेच्या मैदानात ती उकिडवी बसून मुसमुसू लागते, तेव्हा तो जवळच्या लोखंडी आडव्या बारवर चढतो आणि तिचे मन रमावे म्हणून गिरक्यांवर गिरक्या घेत राहतो. तिचे रडणे थांबत नाही. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने येथे भावाला बहिणीस कवटाळायला लावले असते, चार वाक्ये बोलायला लावली असती. ताकाहाता मात्र चौदा वर्षांच्या मुलाला त्या घडीला जे सुचेल तेवढेच दाखवतात आणि दोघांमधले मोकळे मैदान तसेच राहू देतात.

संपूर्ण चित्रपट अशाच तपशिलांवर उभा आहे. खंदकातल्या पहिल्या रात्री उजेड हवा म्हणून मुले काजवे पकडून मच्छरदाणीत सोडतात आणि सकाळी ते मेलेले आढळतात. सेत्सुको त्यांच्यासाठी हाताने खड्डा उकरते आणि आईसुद्धा अशीच थडग्यात आहे, हे आपल्याला काकूंनी सांगितले आहे, असे सहज बोलून जाते. जी गोष्ट सेइताने इतके दिवस एकट्याने उरात दडवून ठेवली होती ती तिला केव्हाचीच ठाऊक होती, हे त्याला या क्षणी कळते आणि बहिणीसमोर तो प्रथमच रडतो. पुढे भुकेने ग्लानी आलेली सेत्सुको काचेच्या चपट्या गोट्या गोळ्या समजून चोखते, मातीचे गोळे वळून ते भात म्हणून भावापुढे ठेवते आणि आतिथ्यशील गृहिणीसारखी ‘घे ना’ म्हणते. चार वर्षांची मुले भातुकलीत हेच करतात. खेळ आणि भ्रम यांच्यामधली रेषा पुसली गेली आहे, हे दाखवायला दिग्दर्शकाला वेगळे काही योजावे लागलेले नाही.

मला सर्वांत अवघड गेला तो सेत्सुकोच्या मृत्यूनंतरचा भाग. तळ्यापलीकडच्या बंगल्यात युद्ध संपल्यामुळे घरची मंडळी परतली आहेत. तिथल्या मुली ग्रामोफोनवर घराच्या ओढीचे एक जुने इंग्रजी गाणे लावतात, जे अमेलिता गाल्ली-कुर्ची या इटालियन गायिकेच्या आवाजात आहे. त्या स्वरांवर आपल्याला खंदकाभोवती एकटीच वावरणारी सेत्सुको दिसू लागते : पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी खेळणारी, सुई-दोरा घेऊन बसलेली, इकडून तिकडे धावणारी. भाऊ अन्नाच्या शोधात बाहेर असताना ही मुलगी दिवसभर काय करीत होती, हे सेइताने कधी पाहिले नव्हते आणि आपणही पाहिले नव्हते. ते आता, ती गेल्यावर, आपल्यापुढे येते. शोक झालेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल, कारण गेलेल्या माणसाच्या आयुष्यातले आपण हजर नसलेले तास हेच पुढे मनाला जास्त छळतात.

ही कथा खरी आहे असे ऐकले. ती कितपत खरी आहे?
– एक वाचक, नागपूर

चित्रपट अकियुकी नोसाका यांच्या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या कथेवर आधारलेला आहे आणि या कथेला जपानमधील प्रतिष्ठेचे नाओकी पारितोषिक मिळाले होते. नोसाका यांचा जन्म १९३० चा. ते दत्तक गेलेले होते आणि कोबेवरच्या हल्ल्यात त्यांचे दत्तक वडील गेले, घर गेले. दत्तक घरातली धाकटी बहीण बरोबर घेऊन ते आधी निशिनोमिया येथे आणि मग फुकुई प्रांतात राहिले. तेथे ती बहीण अन्नाविना मेली. तेव्हा नोसाका चौदा वर्षांचे होते आणि बहीण दीड वर्षाचीही नव्हती.

खरे-खोटे यातला निर्णायक फरक येथून पुढे आहे. सेइता बहिणीला भरवतो, तिला पाठुंगळी घेऊन हिंडतो, तिच्यासाठी शेतातून चोरी करताना पकडला जाऊन मार खातो. आपण तसे नव्हतो, हे नोसाका यांनी पुढे वारंवार सांगितले. भुकेच्या भरात बहिणीच्या वाटणीचे अन्न आपण खाल्ले, तिचे रडणे थांबेना तेव्हा तिच्यावर हात उगारला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सेइता हा त्यांनी तिच्यासाठी नंतर घडवलेला भाऊ आहे, जसे आपण असायला हवे होतो असे त्यांना वाटत राहिले तसा. बावीस वर्षांनी लिहिलेल्या या कथेत त्यांनी त्या भावालाही जिवंत ठेवले नाही. नोसाका स्वतः मात्र ८५ वर्षे जगले, कादंबऱ्या लिहिल्या, गाणी गायिली, जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आले आणि डिसेंबर २०१५ मध्ये निधन पावले.

ही पार्श्वभूमी कळल्यावर कथेचे मोल कमी झाले, असे कोणाला वाटू शकेल. मला तसे वाटत नाही. चित्रपटात सेइताचा आत्मा लालसर प्रकाशात उभा राहून स्वतःचे ते दिवस पुन्हा पाहतो, काही ठिकाणी त्याला ते पाहवत नाहीत आणि तो कानांवर हात घेतो. ही रचना ताकाहातांची आहे, परंतु ज्याने मूळ कथा लिहिली त्याची मनःस्थिती तिच्यात अचूक उतरली आहे.

ताकाहाता यांच्याविषयीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २९ जून १९४५ च्या पहाटे ओकायामा शहरावर हल्ला झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. झोपेतल्या कपड्यांनिशी ते बहिणीबरोबर जळत्या रस्त्यांतून पळाले आणि घरच्या इतर माणसांपासून त्यांची ताटातूट झाली होती. चित्रपटातील आग कशी पसरते, छपरावर पडलेल्या आगलाव्या बॉम्बच्या नळीतून ज्वाळा कशा ओघळतात, धुरात माणसे कुठल्या बाजूला धावतात, हे दाखवणाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलेले होते.

नात्यातल्या त्या काकू खरोखरच एवढ्या दुष्ट आहेत का? आमच्या घरात यावर मोठा वाद झाला. मुलाच्या मते चूक सेइताची आहे, कारण त्याने घर सोडायलाच नको होते.
– एक वाचक, इंदूर

आपल्या घरात झालेला वाद जपानमध्येही अनेक वर्षे चालू आहे, इतका की २००५ साली तेथील दूरचित्रवाणीसाठी केलेल्या रूपांतरात हीच कथा काकूंच्या बाजूने मांडण्यात आली.

काकूंचे वागणे नीट आठवून पाहा. पेज वाढताना त्या आपल्या मुलीला आणि घरातल्या कमावत्या भाडेकरूला डाव तळापर्यंत घालून दाट शिते देतात आणि सेइता-सेत्सुकोच्या वाडग्यात वरचे पाणी येते. मुलांच्या आईचे किमोनो विकून आणलेल्या तांदळातून त्या आपला वाटा काढून घेतात. त्याच वेळी त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असेही म्हणता येत नाही : शिधा तुटपुंजा आहे, घरातले बाकीचे देशासाठी राबत आहेत आणि हा धडधाकट मुलगा शाळा व कारखाना जळाल्यापासून दिवसभर बहिणीशी खेळत बसतो. सेइताजवळ आईच्या खात्यातले ७,००० येन आहेत. त्यातून तो मातीची शेगडी आणतो आणि वेगळी चूल मांडतो. टोमणे सोसण्यापेक्षा हे त्याला बरे वाटते. त्या काळी शिधा शेजारसमूहामार्फत मिळत असे, त्यामुळे समूहाबाहेर पडणे म्हणजे पैसे असूनही अन्नाला मुकणे, ही गोष्ट त्याच्या लक्षात येत नाही. एक शेतकरी त्याला परत जा, माफी माग, असे सांगतोही. तो ऐकत नाही.

ताकाहाता यांना हे सारे दाखवायचेच होते. आपला चित्रपट युद्धविरोधी प्रचारपट नाही, असे ते स्पष्टपणे म्हणत. त्यांच्या मते ही जगापासून तुटून केवळ दोघांचेच घर उभारू पाहणाऱ्या आणि त्यात अपयशी ठरणाऱ्या मुलांची कथा होती, आणि सेइताच्या स्वभावात त्यांना १९४५ पेक्षा १९८० च्या दशकातला तरुण अधिक दिसत होता. परंतु याच संदर्भात, १९८८ साली दिलेल्या एका मुलाखतीत, त्यांनी एक भीती बोलून दाखवली होती. काळ पुन्हा उलटला आणि समूहाचा रेटा वाढला, तर आज सेइताविषयी वाटणारी कणव आपल्यात टिकेल का, की आपण त्या काकूंहूनही कठोर होऊन त्यालाच दोषी ठरवू, असा त्यांचा प्रश्न होता.

आपल्या चिरंजीवांना हा प्रश्न अवश्य वाचून दाखवावा. ते काही चुकीचे बोलत आहेत असे मी म्हणणार नाही. सेइता चुकतो, आणि त्याची चूक बहिणीच्या जिवावर बेतते. तथापि चौदा वर्षांच्या मुलाची एक चूक मृत्यूदंडाइतकी महाग पडावी, अशी परिस्थिती त्या मुलाने निर्माण केलेली नव्हती. आई जळून गेली आहे, वडिलांचे पत्र येत नाही, डॉक्टर बहिणीला तपासून पौष्टिक आहार द्या इतकेच सांगतात आणि दुसऱ्या रुग्णाकडे वळतात. ‘पौष्टिक आहार आणायचा कुठून?’ असे तो ओरडतो तेव्हा त्या दवाखान्यात त्याला उत्तर देणारे कोणी नसते. काकूंविषयीही माझा राग मर्यादितच आहे. मुले निघून जाताना त्या क्षणभर घुटमळतात, पण थांबा म्हणत नाहीत. हे न म्हणणे मला पेजेच्या वाटपाहून मोठे वाटते, आणि तेही त्यांनी एकट्यांनीच केलेले नाही. स्थानकात, शेतात, बँकेत, दवाखान्यात सगळ्यांनीच ते थोडे थोडे केले आहे.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीमध्ये होते आणि ईशान्य सीमेवर जपानी सैन्याशी लढले. चित्रपट पाहताना माझे डोळे भरून आले हे खरे, पण जपानने चीन, कोरिया, ब्रह्मदेश आणि आपल्या अंदमानातही जे केले त्याबद्दल यात अवाक्षर नाही. ही एकतर्फी सहानुभूती नव्हे काय?
– निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा

आपली हरकत गंभीर आहे आणि ती केवळ आपली नाही. जपानच्या शेजारी देशांतही हीच तक्रार केली गेली आहे. अंदमान बेटे मार्च १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत जपानच्या ताब्यात होती आणि तेथील नागरिकांवर झालेले अत्याचार आपल्या लोकांच्या स्मरणात असणे योग्यच आहे. चित्रपटाच्या चौकटीत यापैकी काहीच येत नाही, हे मान्य केले पाहिजे.

तरीही चित्रपटाने राज्यकर्त्यांना निर्दोष ठरवले आहे, असे मला दिसत नाही. सेइता हा नौदलातील अधिकाऱ्याचा अभिमानी मुलगा आहे. वडिलांच्या जहाजाची आठवण, नौदलाचे झगमगते संचलन, देशभक्तीची गाणी यांवर तो वाढला आहे, आणि वडील येऊन सूड घेतील या विश्वासापायीच तो कोणापुढे वाकत नाही. बँकेत उरलेले ३,००० येन काढायला तो जातो तेव्हा त्याला कळते की जपानने शरणागती पत्करली आहे आणि नौदलाचा ताफा केव्हाच समुद्राच्या तळाशी गेला आहे. त्या क्षणी त्याच्या रागाचा रोख विमानांकडे वळत नाही. तो वडिलांवर, म्हणजे ज्यांच्यावर त्याने सारा भरवसा ठेवला होता त्यांच्यावरच ओरडतो. लढाऊ राष्ट्राचा अभिमान आपल्याच मुलांना किती उघड्यावर सोडतो, हे मला या प्रसंगात दिसले.

आपण इतिहासाचे शिक्षक आहात म्हणून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. त्याच युद्धाच्या काळात, १९४३ साली, बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगांनी मेली. तेथे बॉम्बपेक्षा तांदळाचे भाव, वाहतुकीवरची बंधने आणि सरकारची अनास्था यांनी माणसे मारली. सेत्सुकोही बॉम्बने मरत नाही. हल्ल्यातून ती वाचलेली असते आणि नंतर अडीच महिन्यांनी, २२ ऑगस्टला, शरणागतीलाही आठवडा उलटल्यावर, ती भुकेने मरते. वर्गात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून शिकवता आल्या, तर मुलांना युद्धातील मृत्यूंची मोजदाद रणांगणाबाहेर कुठवर पोचते हे कळेल, आणि त्यासाठी जपानच्या अपराधांवर पांघरूण घालण्याची काहीही गरज पडणार नाही.

युद्ध थांबवण्याच्या कामी असे चित्रपट कितपत उपयोगी पडतात, याविषयी स्वतः ताकाहातांनाच शंका होती. युद्धाच्या शेवटी लोकांचे किती हाल झाले हे दाखवल्याने पुढचे युद्ध टळत नाही, कारण पुढचे युद्ध सुरू करणारेही ‘पुन्हा असे हाल होऊ नयेत म्हणून’ असेच सांगतात, अशा आशयाचे ते बोलत. युद्ध सुरू कसे होते, हे पाहायला हवे, असा त्यांचा आग्रह होता. आपली हरकत आणि त्यांचा हा आग्रह यांत फारसे अंतर नाही.

मी ॲनिमेशनचे शिक्षण घेत आहे. हीच कथा माणसांना घेऊन चित्रित केली असती तर ती अधिक परिणामकारक झाली असती, असे आमच्या वर्गात काही जण म्हणतात.
– एक विद्यार्थिनी, पुणे

तसे प्रयत्न पुढे झाले, पण आज चर्चा होते ती या रेखाटलेल्या चित्रपटाची. नोसाका यांच्याकडे चित्रपटासाठी पूर्वीही विचारणा होत असे आणि जळून राख झालेली ती भूमी पुन्हा उभी करणे अशक्य आहे, आजच्या मुलांना ती भूक अभिनयातून दाखवता येणार नाही, असे त्यांचे मत होते. ॲनिमेशनचा प्रस्ताव आल्यावर ते चकित झाले, मात्र प्रसंगांची रेखाटने पाहिल्यावर हीच योग्य पद्धत आहे, असे त्यांनी मानले. चार वर्षांच्या खऱ्या मुलीला महिनोन्महिने खंगत जाताना दाखवायचे तर एक तर ते खोटे दिसेल किंवा त्या मुलीवर अन्याय होईल, हे आपल्या वर्गमित्रांनी लक्षात घ्यावे.

तंत्राच्या बाजूने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ताकाहाता स्वतः चित्रकार नव्हते. टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकून ते या व्यवसायात आले आणि म्हणून योग्य माणसे निवडण्यावर त्यांची सारी भिस्त असे. पात्ररचना योशिफुमी कोंदो यांची. त्याच वेळी स्टुडिओ जिबलीचेच दुसरे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी ‘माय नेबर तोतोरो’ हा चित्रपट करीत होते आणि कोंदो दोन्ही दिग्दर्शकांना हवे होते, अखेर ते या चित्रपटाकडे आले. पात्रांच्या कडा नेहमीच्या काळ्या रेषेऐवजी तपकिरी रेषेने काढल्या आहेत. त्यामुळे माणसे पार्श्वभूमीत मिसळून जातात आणि चेहऱ्यांना एक मऊपणा येतो. रंगांची ही बाजू मिचियो यासुदा यांनी सांभाळली. सेत्सुकोचा आवाज अयानो शिराइशी या पाच वर्षांच्या मुलीचा आहे. जपानी पद्धतीत साधारणतः चित्रे आधी आणि आवाज नंतर असा क्रम असतो, येथे मात्र तिचे बोलणे आधी ध्वनिमुद्रित करून त्यावर चित्रे बेतली गेली. सेत्सुकोच्या बोलण्यातले अडखळणे, मध्येच श्वास घेणे, हट्टाने स्वर लांबवणे हे सारे एका खऱ्या मुलीचे आहे, आणि चित्रकारांनी तिच्या ओठांमागे जायचे काम केले आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी चित्रपट पूर्ण झालेला नव्हता आणि काही तुकडे रंग न भरताच दाखवावे लागले, हेही आपल्या वर्गात सांगण्यासारखे आहे. मुदतीपुढे काम अपुरे राहण्याची ताकाहातांना सवयच होती, आणि त्यांचे सहकारी त्याबद्दल जाहीरपणे कुरकुरत असत.

चित्रपटातील तो गोळ्यांचा डबा खरोखर बाजारात मिळतो का?
– एक वाचक, मडगाव

मिळत असे. साकुमा कंपनीच्या फळांच्या स्वादाच्या गोळ्या १९०८ पासून जपानमध्ये विकल्या जात होत्या आणि चित्रपटानंतर सेत्सुकोचे चित्र असलेले डबेही निघाले. लाल डबा करणारी कंपनी जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. त्याच नावाची दुसरी एक कंपनी हिरव्या डब्यातल्या गोळ्या करते.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. वर्गातल्या मैत्रिणींनी हा चित्रपट पाहिला म्हणून तिलाही पाहायचा आहे. दाखवावा का?
– एक आई, नाशिक

माझे उत्तर आहे, आत्ताच नको. ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचे, ही आपल्याकडची समजूत या चित्रपटाच्या बाबतीत फार महागात पडते. जळालेल्या आईचे शरीर, त्यावर वळवळणारे किडे, भुकेने निस्तेज झालेले मूल हे सारे त्यात थेट दाखवले आहे. १९८८ साली जपानमध्ये हा चित्रपट आणि मियाझाकींचा ‘तोतोरो’ एकाच तिकिटावर दाखवले गेले, आणि ‘तोतोरो’च्या आनंदानंतर लगेच हा चित्रपट पाहावा लागलेल्या कुटुंबांची फार बिकट अवस्था झाली. आजारी आई आणि दोन बहिणी यांची ‘तोतोरो’मधील गोष्ट दहा वर्षांच्या मुलीसाठी अगदी योग्य आहे. आत्ता तो दाखवावा.

हा चित्रपट सेइताच्या वयाच्या आसपास, तेरा-चौदाव्या वर्षी, पाहिलेला बरा, असे माझे मत आहे. त्याआधी आपण स्वतः एकट्याने तो पाहून घ्यावा, म्हणजे मुलीसमोर आपल्यालाच सावरता आले नाही असे होणार नाही. मूळ जपानी आवाजातच पाहावा. रात्री झोपण्यापूर्वी लावू नये, सुटीच्या दिवशी सकाळी लावावा, म्हणजे नंतर तिला बोलायला, विचारायला किंवा नुसते गप्प बसायलाही उरलेला दिवस मिळेल. ती काकूंवर चिडेल किंवा सेइतावर चिडेल, दोन्ही वेळा तिला तिचे म्हणणे पूर्ण करू द्यावे, लगेच समजूत घालू नये. त्या मुलांना कोणीच मदत का केली नाही, असा प्रश्न ती बहुधा विचारेल, तेव्हा वर इंदूरच्या वाचकांना दिलेले उत्तर तिच्याबरोबर वाचता येईल. आणि पाहता पाहता मध्येच तिने ‘बंद कर’ म्हटले तर ताबडतोब बंद करावा. उरलेला भाग पाहायचा की नाही, आणि केव्हा, हे तिचे तिला ठरवू द्यावे.